गोव्यातील लष्करी हेलिकॉप्टर

गोव्यात लष्करी हेलिकॉप्टर म्हटले की ते बहुधा नौदलाचे असते. मुरगाव तालुक्यातील दाबोळीच्या पठारावरचा ‘आयएनएस हंसा’ हा तळ त्याचे मुख्य ठाणे आहे. तटरक्षक दलाची हेलिकॉप्टरेही इथूनच उडतात. त्यामुळे गोव्यातील या विषयाचा इतिहास रणगाड्यांच्या वा डोंगरी ठाण्यांच्या अंगाने जात नाही. तो समुद्र, पाणबुड्या आणि विमानवाहू नौका यांच्याभोवती फिरतो.

हेलिकॉप्टर लष्कराच्या हाती आले ते दुसऱ्या महायुद्धात. इगोर सिकोर्स्की यांच्या आर-४ या यंत्राने जानेवारी १९४२ मध्ये पहिले उड्डाण केले. एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशात जपानी फौजांच्या पिछाडीला विमान कोसळून एक अमेरिकी वैमानिक आणि तीन ब्रिटिश सैनिक जंगलात अडकले होते. कार्टर हार्मन यांनी आर-४ मधून त्यांना बाहेर काढले. इंजिनाची ताकद इतकी तुटपुंजी होती, की एका खेपेला एकच माणूस नेता येत होता. युद्धातील ही हेलिकॉप्टरची पहिली सुटका मानली जाते. पुढे कोरियात जखमींची ने-आण, अल्जीरियात फ्रेंचांनी बसवलेल्या बंदुका आणि व्हिएतनाममध्ये सैन्याची थेट उतरण, असा या यंत्राचा व्याप वाढत गेला. तरी त्याचे खरे बळ वेगात किंवा शस्त्रांत नाही. हवेत एका जागी थांबता येणे हे ते बळ आहे, आणि समुद्रावर त्याचा जेवढा उपयोग होतो तेवढा क्वचितच दुसरीकडे होत असेल.

दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीजांनी १९५० च्या दशकात बांधला. १८ डिसेंबर १९६१ रोजी ‘ऑपरेशन विजय’मध्ये भारतीय हवाई दलाने त्याच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. गोव्यात पोर्तुगालचे एकही लढाऊ विमान नव्हते. त्या रात्री धावपट्टीची घाईघाईने डागडुजी झाली आणि उरलेली दोन प्रवासी विमाने कराचीच्या दिशेने निसटली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. एप्रिल १९६२ मध्ये विमानतळ नौदलाच्या ताब्यात आला आणि कोइमतूरजवळच्या सुलूर येथे सुरू झालेला हंसा तळ १९६४ मध्ये दाबोळीला हलवण्यात आला. ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवरच्या सी हॉक लढाऊ विमानांसाठी किनाऱ्यावरचे हक्काचे ठिकाण हवे होते, ते इथे मिळाले.

विमानांच्या मागोमाग हेलिकॉप्टर आले. अ‍ॅल्युएट-३ हे मूळचे फ्रेंच हेलिकॉप्टर हिंदुस्थान एरोनॉटिक्सने परवाना घेऊन ‘चेतक’ या नावाने बनवले. याच जातीची हेलिकॉप्टरे गोवा गमावलेल्या पोर्तुगालने अंगोला, गिनी आणि मोझांबिकमधील वसाहती टिकवण्यासाठी वापरली. भारतीय नौदलात मात्र त्याच्याकडे आले जीव वाचवण्याचे काम. विमानवाहू नौकेवरून विमाने झेपावू लागण्याआधी चेतक हवेत चढते आणि नौकेच्या बाजूला, पाण्यावर फारसे उंच न जाता, तिच्या वेगाशी वेग जुळवून राहते. दारात पाण्यात उडी घेणारा डायव्हर बसलेला असतो, गळ्यात पट्टा, पायात फिन. एखादे विमान समुद्रात पडलेच, तर वैमानिकापर्यंत पोहोचायला मिनिटेच हाताशी असतात. शेवटचे विमान डेकवर उतरले की मगच चेतक उतरते. सगळ्यांच्या आधी वर जायचे आणि सगळ्यांच्या शेवटी खाली यायचे, असे हे काम. त्याची दखल मात्र त्या मानाने कमीच घेतली गेली आहे.

१९८० मध्ये दाबोळीला सोव्हिएत बनावटीच्या कामोव्ह का-२५ हेलिकॉप्टरांची तुकडी उभी राहिली. ‘राजपूत’ वर्गाच्या विनाशिकांबरोबर ही हेलिकॉप्टरे आली होती. एकाच दांड्यावर एकावर एक असे दोन पंखे आणि ते उलटसुलट दिशांना फिरणारे, ही कामोव्हची खूण. दोन पंख्यांमुळे अंग गरगर फिरण्याचा जोर आपोआप तोलला जातो, म्हणून शेपटीला वेगळा पंखा लागत नाही. शेपूट आखूड राहते आणि हेलिकॉप्टर जहाजाच्या तोकड्या जागेत मावते. याच घराण्यातले का-३१ नंतर हंसावर आले. त्याच्या पोटाखाली सुमारे सहा मीटर लांबीचा रडारचा पत्रा घडी घालून बसवलेला असतो. हवेत गेल्यावर तो खाली उतरतो, आड येऊ नयेत म्हणून चाके वर उचलली जातात आणि पत्रा गोल फिरू लागतो. जहाजाच्या स्वतःच्या रडारला क्षितिजापलीकडचे खालून येणारे विमान वा क्षेपणास्त्र दिसत नाही. उंचावर गेलेले का-३१ ते आधी पाहते आणि जहाजाला कळवते.

पाणबुडी शोधण्याची पद्धत आणखी संथ. सी किंगसारखे हेलिकॉप्टर लाटांवर थांबते, केबलने सोनार, म्हणजे पाण्यातला आवाज टिपणारे यंत्र, पाण्यात सोडते, ऐकते, सोनार वर ओढून घेते आणि पुढच्या ठिकाणी जाऊन पुन्हा तेच करते. सी किंग नौदलात १९७१ साली कोचीत दाखल झाले. पोखरणच्या १९९८ च्या चाचण्यांनंतर अमेरिकी निर्बंधांमुळे त्याचे सुटे भाग मिळेनात. परक्या यंत्रावर विसंबण्याची किंमत नौदलाला तेव्हा नीटच कळली. आज त्या कामासाठी अमेरिकी एमएच-६०आर आले आहे. त्याची पहिली तुकडी मार्च २०२४ मध्ये कोचीत आणि दुसरी डिसेंबर २०२५ मध्ये हंसावर उभी राहिली. त्याआधी एप्रिल २०२१ मध्ये देशी बनावटीच्या एएलएच मार्क-३ (‘ध्रुव’) हेलिकॉप्टरांची ‘आयएनएएस ३२३’ ही तुकडी हंसावरच सुरू झाली. तेव्हाचे संरक्षण राज्यमंत्री आणि उत्तर गोव्याचे खासदार श्रीपाद नाईक यांच्या हस्ते तो सोहळा झाला.

भूसेनेची वाट वेगळी. तोफखान्याचा मारा वरून पाहून दुरुस्त करणारी छोटी विमाने, एवढाच तिचा आरंभ. या वैमानिकांचे स्वतंत्र दल, आर्मी एव्हिएशन कोअर, १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्थापन झाले आणि त्याचे प्रशिक्षण नाशिकला होते. सियाचीनच्या ठाण्यांवर चीता हेलिकॉप्टरांनी पोहोचवलेला शिधा आणि खाली आणलेले आजारी जवान हे या दलाचे मोठे काम.

तटरक्षक दलाची पहिली हवाई तुकडी २२ मे १९८२ रोजी चेतक हेलिकॉप्टरांसह गोव्यातच सुरू झाली. वादळात सापडलेल्या मच्छीमारांना उचलणे हे तिचे नित्याचे काम. नागरी मदतीचा वेगळाच प्रसंग मार्च २०२३ मध्ये आला. म्हादई अभयारण्य आणि आसपासच्या डोंगरांत वणवे पेटले, तेव्हा नौदलाच्या हेलिकॉप्टरांनी मोर्ले आणि कुठ्ठाळी भागांत पाणी टाकले. हवाई दलाची एमआय-१७ ही कामाला लागली. जिथे अग्निशमन दलाचा बंब चढूच शकत नाही, अशा सत्तरीतल्या उतारांवर दुसरा इलाज नव्हता.

बोगमाळोच्या वाटेवर १९९८ मध्ये उघडलेले नौदल हवाई संग्रहालय आहे. चेतक, कामोव्ह आणि सी किंग तिथे जवळून पाहता येतात. कामोव्हच्या दोन पंख्यांमधले अंतर आणि शेपटीचा आखूडपणा समोर उभे राहून पाहिला की वरची मांडणी चटकन उमगते. मुले घेऊन जाणाऱ्यांनी तिथे थोडे थांबावे.

सत्तरी तालुक्यातील होंडा येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि फ्रान्सची साफ्रान कंपनी यांचा हेलिकॉप्टर इंजिन दुरुस्तीचा संयुक्त प्रकल्प आहे. ध्रुव, रुद्र आणि प्रचंड या देशी हेलिकॉप्टरांना लागणारे शक्ती इंजिन आणि ध्रुवच्या जुन्या मालिकेतील टीएम-३३३ इंजिन यांच्यासाठी तो उभारला आहे.