पाय दुखतात ते गोळीनं, की गोळी घेतली म्हणून?

कोलेस्टेरॉलची गोळी चालू केलेल्या माणसांची तक्रार आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागात साधारण एकाच साच्यातली असते. पाय दुखायलेत. पोटऱ्या भरून येतात, जिना चढताना मांड्या ओढल्यासारख्या होतात, सकाळी लवकर उठवत नाही, आणि हे सगळं "ती गोळी" चालू झाल्यापासनं. मग शेजारच्या वहिनी सांगतात की त्यांच्या भावाला पण अस्संच झालेलं, व्हॉट्सअ‍ॅपवर लिव्हर खराब होण्याचा एक व्हिडिओ येतो, आणि डॉक्टरना न सांगता गोळी बंद. चार दिवसांनी पाय हलके. "बघा की ओ, सोडल्यावर बरं वाटलं, अजून काय पुरावा पाहिजे?"

ह्या गोळीची खरी अडचण ही आहे की तिचा फायदा अंगाला कधीच कळत नाही. अ‍ॅसिडिटीची गोळी घेतली की पोट शांत होतं, तापाची घेतली की घाम सुटतो. पण वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल 160 वरनं 80 वर आलं तर माणसाला काय वाटतं? काहीच नाही. हार्ट अटॅक आला नाही हे कुणाला जाणवणार? जाणवतो तो फक्त त्रास, आणि तो कुणाच्या नावावर टाकायचा म्हटलं की गोळी समोरच असते.

ह्या गोळ्यांना स्टॅटिन म्हणतात. एटोरवास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन ही आपल्याकडं जास्त चालणारी नावं. यातलं पहिलं औषध सापडलं ते बुरशीत. जपानचे अकिरा एंडो यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला हजारो बुरश्या तपासल्या आणि 1973 मध्ये तांदळावरच्या एका निळ्या-हिरव्या बुरशीत त्यांना कोलेस्टेरॉल अडवणारा पदार्थ मिळाला. माणूस शेतकऱ्याच्या घरातला, लहानपणापासनं बुरश्यांचं वेड. बाजारात पहिलं स्टॅटिन 1987 साली अमेरिकेत आलं, लोवास्टॅटिन, तेही बुरशीतलंच. काम कसं करतं? आपल्या अंगातलं बरंचसं कोलेस्टेरॉल खाण्यातनं येत नाही, शरीरच बनवतं आणि त्यात लिव्हरचा वाटा मोठा. गोळी तिथलं एक एन्झाइम अडवते, लिव्हरला कोलेस्टेरॉल कमी पडायला लागतं, मग ते रक्तातनं ओढून घेतं. म्हणून तर कुंदा आणि रविवारचं मटण बंद करूनही एलडीएल बहुतेकांचं थोडंच उतरतं आणि जोराच्या डोसची गोळी ते निम्म्यावर आणते. (कुंदा सोडू नका असं मी म्हणत नाही, पण नुसतं कुंद्यावर खापर फोडून भागत नाही.)

आता पायदुखीकडं येऊ, कारण लोकांना तेच पाहिजे.

लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी एक भारी प्रयोग केला, 2020 साली तो छापून आला. त्यांनी 60 लोक असे घेतले की ज्यांनी त्रास होतो म्हणून स्टॅटिन आधीच सोडलेलं, म्हणजे आपल्या वहिनींच्या भावासारखेच. प्रत्येकाला वर्षभराच्या बारा बाटल्या दिल्या, महिन्याला एक. चार बाटल्यांत खरं एटोरवास्टॅटिन, चारमध्ये दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, आणि चार बाटल्या चक्क रिकाम्या. क्रम उलटासुलटा. गोळी खरी की खोटी हे त्यांना माहीत नाही, रिकामी बाटली मात्र अर्थातच कळणार. रोज फोनवर शून्य ते शंभरमध्ये नोंदवायचं, आज त्रास किती.

रिकाम्या महिन्यांत त्रासाची सरासरी निघाली 8. खऱ्या गोळीच्या महिन्यांत 16.3, म्हणजे दुप्पट. बघा, पेशंट खरंच बोलत होते. पण खोट्या गोळीच्या महिन्यांत? 15.4. म्हणजे गोळी घेतल्यानं जो त्रास वाढला त्यातला नव्वद टक्के हिस्सा नुसती गोळी तोंडात टाकल्यानं, आतल्या औषधानं नव्हे. आणि गोळी बंद केल्यावर बरं वाटणं? तेही खऱ्या-खोट्या दोन्हींत तेवढ्याच लवकर. म्हणून "सोडल्यावर बरं वाटलं" हा पुरावा दिसतो तेवढा पक्का नाही. आपापले आकडे बघितल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी परत चालू केली.

याला नोसिबो म्हणतात. त्रास होणार म्हणून मन आधीच वाट बघत असतं आणि मग रोजची बारीकसारीक दुखणी मोठी होऊन ऐकू येतात. याचा अर्थ "सगळं मनाचं खेळ आहे, चला उठा" असं पेशंटला झटकायचं नाही, आणि काही डॉक्टर तसं झटकतात तेव्हा मला राग येतो, कारण पोटरी खरंच दुखत असते. भांडण दुखण्याबद्दल नाही, कारणाबद्दल आहे. 2022 मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात सव्वा लाखाच्या आसपास लोकांच्या चाचण्या एकत्र करून बघितल्या, तर स्टॅटिन घेणाऱ्यांत स्नायूंची तक्रार 27.1 टक्के आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत 26.6 टक्के. पहिल्या वर्षातल्या पंधरा तक्रारींमागं एखादी खरोखर औषधामुळं, त्यानंतर फरक जवळपास नाहीच.

मग बाकीची दुखणी कुठनं येतात? आपल्याकडं तर विचारायलाच नको. खानापूरकडं मे महिन्याच्या शेवटी रिपोर्ट काढला, जूनमध्ये गोळी सुरू केली आणि पुढं चिखलात वाकून भात लावणी, तर मांड्या आणि कंबर कुणाची धरणार नाही? थायरॉईड कमी असेल तर त्यानं कोलेस्टेरॉलही वाढतं आणि स्नायूही दुखतात, म्हणजे दोन्हींचं मूळ एकच आणि शिव्या खाते गोळी. टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी एकदा करून घ्यायला पाहिजेच.

पण गोळी अगदी निर्दोष आहे असंही नाही, आणि इथं आपल्या भागाचे दोन-तीन खास घोटाळे आहेत. पहिला डबल डोसचा. बेळगावात एका डॉक्टरनी गोळी दिलेली असते, मग पाव्हणे म्हणतात मिरजेला किंवा कोल्हापूरला दाखवून या, तिथं दुसरी चिठ्ठी. ब्रँडची नावं वेगळी, रंग वेगळा, आत दोन्हींत एटोरवास्टॅटिनच, आणि माणूस इमानदारीनं दोन्ही घेतोय. स्ट्रिपच्या मागं बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं ते मेडिकलवाल्याकडनं वाचून घ्या. दुसरा नायट्याचा. पावसाळ्यात मांडीला नायटा उठला की मेडिकलातनं इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल परस्पर आणतात. ह्या कॅप्सूल एटोरवास्टॅटिन आणि सिमवास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण फार वाढवतात, क्लॅरिथ्रोमायसिन नावाचं अँटिबायोटिकही तेच करतं, आणि मग क्वचित स्नायू खरोखर विरघळायला लागतात. सहन न होणारं दुखणं, हातापायातली ताकद जाणं आणि लघवी चहासारखी तपकिरी होणं, हे झालं तर घरी थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना, कारण त्यात किडनी जाऊ शकते.

तिसरा घोटाळा सगळ्यात वाईट. अँजिओप्लास्टी झालेल्यांना बऱ्याचदा एकाच कॅप्सूलमध्ये स्टॅटिन, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दिलेलं असतं. पायदुखीला वैतागून "कोलेस्टेरॉलची" म्हणून ती कॅप्सूल सोडली की त्यासोबत रक्त पातळ ठेवणारी औषधं पण बंद, आणि हृदयाच्या नळीत बसवलेल्या नवीन स्टेंटमध्ये म्हणजे जाळीत गुठळी होऊन थेट अटॅक.

त्रास असेल तर डॉक्टरना सांगून गोळी दोन-चार आठवडे थांबवता येते, स्नायूंना इजा झालीय का हे सांगणारी सीके नावाची रक्ततपासणी करता येते, मग कमी डोस किंवा दुसरं स्टॅटिन. काहींना रोसुवास्टॅटिन दिवसाआड चालतं. डोस निम्मा केला तरी परिणाम निम्मा होत नाही, कारण डोस दुप्पट केल्यावर एलडीएल जेमतेम आणखी सहा टक्के उतरतं. त्याबरोबर इझेटिमाइब जोडता येतं, ते आतड्यातनं कोलेस्टेरॉल शोषू देत नाही. स्टॅटिन अजिबात सोसत नसेल तर बेम्पेडोइक अ‍ॅसिड आहे, वर्षातनं दोनदा घ्यायचं इन्क्लिसिरान इंजेक्शन पण आलंय, मात्र ते महाग. साखर थोडी वाढते हेही खरं, पण बहुतेक अशांचीच जे आधीच डायबेटिसच्या उंबरठ्यावर होते, आणि त्यांनाच अटॅकची भीती जास्त म्हणून डॉक्टर गोळी चालू ठेवतात.

अजून एक, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी सोडणारे काही कमी नाहीत. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळं. सोडली की काही आठवड्यांत लिव्हर पुन्हा पहिल्यासारखं बनवायला लागतं आणि पुढच्या तपासणीत आकडा जिथनं निघाला होता तिथंच परत जातो.