रेडिओवर गाणं वाजलं की गायकाला पैसे मिळतात?

‘अमेरिकेतले रिदम अँड ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीतशैलीतले जुने गायक सत्तरीतही गावोगाव कार्यक्रम करतात, म्हणजे रेडिओचा पैसा त्यांनी उधळला असणार,’ असा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. ऐकायला पटतो. पण बहुतेकांना तो पैसा मुळात मिळतच नव्हता.

अमेरिकेत एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं, तर रॉयल्टी जाते गीतकार-संगीतकाराला आणि गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या प्रकाशकाला. नुसतं गाणाऱ्याला कायद्याने छदामही नाही. गाणं वाजलं की फुकटात जाहिरात होते, रेकॉर्डी खपतात, हा रेडिओवाल्यांचा जुना युक्तिवाद. डिजिटल प्रसारणापुरता (इंटरनेट, उपग्रह रेडिओ वगैरे) गायकाचा हक्क आला तो थेट १९९५च्या कायद्याने. तोही १९७२पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना २०१८पर्यंत धड लागू नव्हता. म्हणजे पन्नास-साठच्या दशकांतला ऐन बहरच बाहेर राहिला!

पडताळायचं असेल तर जुन्या ४५ आरपीएम रेकॉर्डच्या (मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या तबकडीच्या) लेबलचा फोटो बघा. गाण्याच्या नावाखाली, बहुधा कंसात, बारीक अक्षरांत रचनाकारांची नावं असतात. गायकाचं नाव तिथेही असेल, तरच रेडिओचा पैसा त्याच्याकडे गेला असण्याची शक्यता. शक्यताच म्हणायचं, कारण त्या काळी रचनेचे हक्क किरकोळ रकमेला विकले जात, आणि एक ओळही न लिहिलेल्या रेकॉर्ड कंपनीच्या मालकाचं नाव कधी कधी त्या कंसात घुसवलेलं असे.