अ‍ॅस्टेरिक्स

अ‍ॅस्टेरिक्स : फ्रेंच चित्रकथांमधील सर्वांत गाजलेला नायक. लेखक रने गोसिनी (१९२६–७७) व चित्रकार आल्बेर यूदेर्झो (१९२७–२०२०) यांची निर्मिती. २९ ऑक्टोबर १९५९ रोजी ‘पिलोत’ साप्ताहिकाच्या पहिल्याच अंकात तो प्रथम आला. १९६१ मधील पहिल्या पुस्तकाच्या अवघ्या ६,००० प्रती छापल्या होत्या. कथाकाल इ.स.पू. ५०. सीझरने जिंकलेल्या गॉलमध्ये (साधारणतः आजचा फ्रान्स) आर्मोरिकाच्या, म्हणजे आजच्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील एक खेडे जादूच्या काढ्याच्या बळावर रोमनांना दाद देत नाही, हे कथासूत्र आणि नायकाचा धिप्पाड मित्र ओबेलिक्स याच्यासह त्यातील पात्रे सर्वपरिचित आहेत.

मूळ बेत मध्ययुगीन फ्रेंच कोल्हेकथांवर चित्रमालिका करण्याचा होता. दुसऱ्या चित्रकाराने तो विषय आधीच हाताळल्याचे कळल्यावर पॅरिसजवळच्या बोबिन्यी येथे, यूदेर्झो यांच्या घरी, गॉल लोकांची कल्पना निघाली. यूदेर्झो यांनी आधी धिप्पाड योद्धा रेखाटला. गोसिनी यांना बुटका पण चतुर नायक हवा होता. ती उंचीपुरी काया पुढे ओबेलिक्सला मिळाली. खेड्याची जागा गोसिनी यांनी चित्रकारावर सोपवली. नायकांना जलप्रवास करता यावा म्हणून समुद्र जवळ हवा, एवढीच अट घातली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात यूदेर्झो ब्रिटनीत राहिले होते, त्यामुळे निवड तिची झाली. किनाऱ्यावरील एर्की हे गाव मूळ खेडे असल्याचा मान सांगते. पण कथेत खेड्याला नावच नाही. हा दावा देखाव्यातील साम्यापुरताच धरणे योग्य.

खेडे म्हणजे जर्मन ताब्याविरुद्धच्या फ्रेंच प्रतिकाराचे रूपक, असे काही अभ्यासक मानतात. एकोणिसाव्या शतकापासून शाळेत शिकवल्या गेलेल्या ‘आमचे पूर्वज गॉल’ या प्रतिमेचे हे प्रेमळ विडंबन आहे, हे मत अधिक पटते; कारण चित्रांतील तपशील उत्खननापेक्षा शालेय पुस्तकांशी जुळतात. पंखांचे शिरस्त्राण हे एकोणिसाव्या शतकातील चित्रकार-शिल्पकारांचे आवडते अलंकरण. ओबेलिक्स पाठीवर वाहतो ते शिलास्तंभ नवाश्मयुगीन. ब्रिटनीतील कार्नाक येथील अशा शिलास्तंभांच्या रांगा गॉल काळाच्या काही हजार वर्षे आधीच्या आहेत. गॉल वस्त्यांत सापडलेली हाडे बहुतांशी पाळीव जनावरांची असून रानडुकराची फार थोडी आहेत. सोन्याच्या विळ्याने ओकवरील बांडगूळ कापणारे ड्रुइड, म्हणजे गॉलांचे पुरोहित, रोमन लेखक थोरल्या प्लिनीच्या ग्रंथातून आले. निव्वळ सोन्याचे पाते मऊ पडते, म्हणून तो विळा मुलामा दिलेला असावा, असा तर्क आहे. गॉलांचा सेनानी व्हर्सिंजेटोरिक्स इ.स.पू. ५२ मध्ये जेथे सीझरला शरण गेला त्या अलेसियाचे स्थान दीर्घकाळ वादात होते. तिसऱ्या नेपोलियनने १८६१–६५ मध्ये बर्गंडीतील आलीझ-सँत-रेन येथे उत्खनन करविले. ज्युरा भागातील एका स्थळाचा पक्षही मांडला गेला. १९९१ नंतरच्या फ्रेंच-जर्मन उत्खननांत वेढ्याच्या खंदकांचे पुरावे मिळाल्याने आज बहुतेकांचा कल आलीझकडे आहे. मालिकेत मात्र गॉल माणसे अलेसिया कोठे आहे हे ठाऊकच नसल्याचे सांगतात.

पुस्तकातील कथा साधारणतः ४४ पानांची असते. गोसिनी टंकलिखित संहिता देत. तीत चित्राचे वर्णन आणि संवाद वेगवेगळे मांडलेले असत. यूदेर्झो यांना रंगांधळेपणा होता, पण त्यांची रेषा ठाम होती. अनुवादात बहुधा रंगांच्या छपाईपट्ट्या (प्लेटा) त्याच राहतात आणि फक्त काळ्या अक्षरांची पट्टी बदलते. त्यामुळे संवादफुगा मोठा करता येत नाही. मजकूर लांबला की अक्षर बारीक करावे लागते किंवा विनोद छाटला जातो. श्लेष शब्दशः आणले तर मरतात, म्हणून अँथिया बेल व डेरेक हॉक्रिज यांनी इंग्रजीत त्या जागी नवे श्लेष रचले. स्वातंत्र्य उलटेही पडते. १९६५ च्या सुमारास रोल्फ काउका यांच्या जर्मन आवृत्तीत गॉल जर्मन झाले, खेडे ऱ्हाइनकाठी गेले आणि समकालीन राष्ट्रवादी राजकारण संवादांत शिरले. निर्मात्यांनी हक्क काढून घेतले.

गोसिनी यांच्या निधनानंतर यूदेर्झो यांनी लेखनही केले. त्या पुस्तकांचे स्वागत पूर्वीइतके एकमुखी नव्हते. २०१३ पासून मालिका इतरांच्या हाती आहे. अनुवाद शंभरहून अधिक भाषा-बोलींत झाले असून त्यांत लॅटिनही आहे. २६ नोव्हेंबर १९६५ रोजी अल्जीरियातील हमागीर येथून सोडलेल्या पहिल्या फ्रेंच उपग्रहाला अ‍ॅस्टेरिक्सचेच नाव मिळाले. पॅरिसच्या उत्तरेस १९८९ मध्ये पार्क आस्तेरिक्स हे मनोरंजन उद्यान उघडले. अभिनीत चित्रपटांची सुरुवात १९९९ मध्ये झाली. यूदेर्झो यांनी तीन पुस्तकांची मूळ चित्रपाने फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिली.

भारतात मालिका मुख्यतः इंग्रजी आवृत्त्यांतून पोहोचली. बंगाली व हिंदीतही अनुवाद आहेत.