सात नंबरची जर्सी आणि शेवटपर्यंत हलणारे डोळे

८ ऑक्टोबर २०११, मँचेस्टरचं ओल्ड ट्रॅफर्ड. फुटबॉलचं हे मैदान वर्षातून एका रात्री रग्बी लीगला दिलं जातं, ती ही रात्र. लीड्स ऱ्हायनोज विरुद्ध सेंट हेलन्स, सुपर लीगचा अंतिम सामना. राखीव खेळाडूंतून उतरलेला एक बुटका गडी चेंडू उचलतो, अंगावर आलेल्या पहिल्या माणसाच्या हाताखालून वाकून निसटतो, पुढच्याला बगल देतो आणि जवळजवळ अर्धं मैदान कापून चेंडू रेषेपलीकडे टेकवतो. लीड्स ३२-१६ ने जिंकतं आणि सामन्याचा मानकरी म्हणून त्याचीच निवड होते.

त्याचं नाव रॉब बरो. उंची १ मीटर ६५ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट पाच इंच. आपल्याकडे लोकलच्या डब्यात कोणी वळून पाहणार नाही अशी. पण जिथे शंभर किलोची माणसं मुद्दाम एकमेकांवर आदळतात त्या खेळात ही उंची म्हणजे चेष्टेचा विषय. तरीही २००१ ते २०१७ तो एकाच क्लबकडून खेळला, जवळपास पाचशे सामने, आठ विजेतेपदं. हे कसं जमलं याचं उत्तर भौतिकशास्त्रात आहे. नंतर त्याच्या शरीरात जे घडलं, त्याचं उत्तर चेतापेशींत शोधावं लागतं.

आधी खेळाविषयी थोडं. रग्बी लीग म्हणजे आपण ऑलिंपिकमध्ये पाहतो ती रग्बी नव्हे. १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या एका हॉटेलात उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी मूळ संघटनेशी काडीमोड घेतला, तो पैशांवरून. गिरणी आणि खाणकामगार खेळाडूंची शनिवारची मजुरी बुडे, ती भरून द्यायला दक्षिणेतले साहेब तयार नव्हते. पुढे लीगने खेळाडू पंधराचे तेरा केले. आज चेंडू हाती असलेल्या संघाला सहा पकडी मिळतात, म्हणजे सहा वेळा पाडलं जाईपर्यंत चेंडू त्यांचा. प्रत्येक पकडीनंतर पडलेला खेळाडू उठतो, चेंडू पायाने मागे सरकवतो, मागचा तो उचलतो आणि खेळ पुन्हा सुरू. मधल्या काळात बचाव करणाऱ्यांना, समोर उभे राहणारे दोघे सोडले तर, दहा मीटर मागे जावं लागतं.

बरोचा सगळा खेळ या दहा मीटरांत मावतो. चेंडू उचलला जातो तेव्हा समोरची माणसं मागे सरकत असतात किंवा नुकती थांबत असतात. पुढे यायचं तर आधी मागचा वेग मारायचा, मग उलट दिशेला पकडायचा, आणि दमलेल्या जड शरीराला तेवढ्यात धाप लागते. समोरच्याची हालचाल पाहून प्रतिक्रिया द्यायला माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. ताशी तीस किलोमीटरच्या आसपास धावणारा माणूस तेवढ्यात दीड मीटरहून जास्त सरकलेला असतो. कबड्डीतला चांगला चढाईपटू साखळी जुळायच्या आत निसटतो, तोच हिशेब.

आता उंचीचा भाग. एकाच घडणीचे दोन माणूस कल्पा, एक १.६५ मीटरचा आणि दुसरा १.९० मीटरचा. वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे बुटका उंचाच्या सुमारे ६५ टक्के. पण स्नायूची ताकद त्याच्या आडव्या छेदावर ठरते, म्हणजे लांबीच्या वर्गावर, आणि ती ७५ टक्के भरते. किलोमागे ताकद बुटक्याकडे जास्त. मुंगी स्वतःपेक्षा जड दाणा ओढते ती याच गणितामुळे.

खरी गंमत वळण्यात आहे. शरीर फिरवायला किती जड जातं, म्हणजे त्याचं जडत्व आघूर्ण, ते लांबीच्या पाचव्या घातावर अवलंबून असतं. इथे बुटक्याचा आकडा उंचाच्या निम्म्यावर येतो. फिरवणारा जोर म्हणजे ताकद गुणिले हाडांच्या तरफेची लांबी, तो कमी असला तरी ६५ टक्के आहे. भागाकार केला की बुटका साधारण एकतृतीयांश जास्त झपाट्याने वळू शकतो. शिवाय गुरुत्वमध्य खाली, म्हणजे मोठ्या माणसाला पकडायला वाकावं लागणार, आणि वाकलेला माणूस दिशा बदलण्यात मार खातो. हे अर्थात ढोबळ गणित आहे. खरी माणसं एकमेकांच्या छोट्या-मोठ्या प्रती नसतात, नाहीतर शाळेतली सगळी बुटकी पोरं बरो झाली असती.

किंमतही होती. ६७ किलोचा माणूस सेकंदाला ८ मीटर वेगाने निघाला तर त्याचा संवेग ५३६, त्याच वेगातल्या ११० किलोच्या माणसाचा ८८०. समोरासमोर धडक झाली तर मागे कोण फेकला जाणार हे सांगायला नको. आणि बचावाच्या वेळी बरोला अशा माणसांना अडवावंच लागे, दर सामन्यात, सतरा हंगाम.

वळणं असो की धडक, हुकूम येतो मेंदूतून. मेंदूच्या पृष्ठभागावरची चेतापेशी मज्जारज्जूपर्यंत निरोप पाठवते, तिथली दुसरी पेशी तो स्नायूपर्यंत नेते. कमरेच्या मज्जारज्जूतून पायापर्यंत जाणारा या पेशीचा तंतू जवळजवळ मीटरभर लांब असतो. निरोप सेकंदाला पन्नास मीटरच्या वेगाने धावतो, म्हणजे हे अंतर त्याला सेकंदाच्या पन्नासाव्या भागात कापता येतं. एक पेशी एकाच वेळी अनेक स्नायुतंतू आखडवते. पोटरीत एकेका पेशीकडे हजाराहून जास्त तंतू असतात. हळू चालताना शरीर लहान पेशींवर भागवतं. मोठ्या, झटक्यात जोर लावणाऱ्या आणि लवकर दमणाऱ्या पेशी उसळी मारताना, वळताना कामाला लागतात. बरोच्या प्रसिद्ध धावा या मोठ्या पेशींच्या होत्या.

डिसेंबर २०१९ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्याला मोटर न्यूरॉन डिसीज झाल्याचं निदान झालं. स्टीफन हॉकिंग यांच्यामुळे हा आजार आपल्याला नावाने तरी माहीत आहे. यात हालचाल घडवणाऱ्या चेतापेशीच मरत जातात. संवेदना बहुतेक शाबूत राहतात. बरोला पहिली शंका आली ती बोलताना, शब्द लडबडायला लागले तेव्हा. जिभेला हुकूम देणाऱ्या पेशी मेंदूच्या देठात असतात, काहींत आजार तिथून तोंड वर काढतो.

या पेशी सरसकट मरत नाहीत. उंदरांवरच्या प्रयोगांत स्पष्ट दिसलं आहे की मोठ्या, झटपट पेशींचे धागे सर्वांत आधी तुटतात आणि लहान, संथ पेशी जास्त काळ टिकतात. कदाचित एवढा मोठा संसार पोसणाऱ्या पेशीकडे अडचणीसाठी शिल्लक कमी असते. म्हणजे ज्या पेशींनी बरोला बरो केलं, त्याच जातीच्या पेशींवर या आजाराचा पहिला डोळा.

मग धडकांमुळेच झालं का? हा प्रश्न बरोच्या यॉर्कशरमध्येच नाही, जगभर विचारला गेला. स्कॉटलंडच्या रग्बी युनियनच्या, म्हणजे लीग जिच्यापासून फुटली त्या मूळ रग्बीच्या, माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंवरचा २०२२ चा एक अभ्यास आहे. त्यांच्यात हा आजार इतर लोकांच्या सुमारे पंधरापट आढळला. आकडा दचकवणारा आहे, पण आजारच दुर्मीळ आणि खेळाडू अवघे ४१२, त्यामुळे मोजक्या रुग्णांवर तो उभा आहे, हे संशोधकांनीही बजावलं. शिवाय ती युनियन, ही लीग. काही जनुकीय बदल असलेल्यांत अतिश्रमाने आजार लवकर येतो का, याचाही अभ्यास चालू आहे. गटाचा धोका वाढलेला दिसू शकतो. त्यातल्या एका माणसाकडे बोट दाखवून ‘यालाच त्यामुळे झाला’ म्हणणं वेगळं, आणि ते आज कोणालाच सिद्ध करता येणार नाही. धडकांना निर्दोष ठरवायची घाईही मी करणार नाही.

बरोचा जुना कर्णधार केविन सिनफील्ड मात्र कारणांची वाट पाहत बसला नाही. डिसेंबर २०२० मध्ये तो सात दिवसांत सात मॅरेथॉन धावला. सातच का, तर बरोच्या पाठीवरचा नंबर सात. लक्ष्य होतं ७७,७७७ पौंडांचं, जमले दहा लाखांहून जास्त. मे २०२३ मध्ये लीड्सच्या मॅरेथॉनमध्ये त्याने बरोला चाकाच्या खुर्चीत बसवून ढकलत नेलं आणि शेवटची रेषा उचलून पार केली. २ जून २०२४ ला बरो गेला. दुसऱ्याच दिवशी लीड्सच्या सीक्रॉफ्ट रुग्णालयात त्याच्या नावाच्या उपचार केंद्रासाठी पहिली कुदळ पडली. तारीख आधीच ठरलेली होती.

त्या चार-साडेचार वर्षांत हात, पाय, जीभ गेली, डोळे राहिले. डोळ्यांचे स्नायू हलवणाऱ्या पेशी या आजारात बहुतेकदा शेवटपर्यंत तग धरतात. त्यांच्या एकेका पेशीकडे तंतू असतात दहाच्या आसपास, पोटरीतल्या हजारांच्या तुलनेत अगदी आटोपशीर संसार. शिवाय पेशीत शिरणारं कॅल्शियम आवरून धरणारी प्रथिनं त्यांच्यात जास्त असतात. संपूर्ण कारण अजून उलगडलेलं नाही, पण या टिकाऊपणावर एक यंत्र चालतं. पडद्याखालून डोळ्यांवर अवरक्त प्रकाश पडतो, कॅमेरा बुबुळावरचा चमकता ठिपका आणि बाहुलीचा मध्य यांतलं अंतर मोजतो आणि नजर कुठल्या अक्षरावर आहे ते ओळखतो. नजर क्षणभर थांबली की अक्षर टाइप होतं.

डिसेंबर २०२२ मध्ये बीबीसीच्या लहान मुलांच्या वाहिनीवर बरोने झोपतानाची गोष्ट वाचून दाखवली, या नजरेनेच. आवाज संगणकाचा, पण घडवलेला त्याच्या जुन्या मुलाखतींतून. त्यामुळे गोष्ट ऐकू आली ती बरोच्याच यॉर्कशरी बोलीत.