1964 नंतरचा ग्लेन गूल्ड

10 एप्रिल 1964 रोजी लॉस एंजेलिसमध्ये कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड वाजवून उठला, तो तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांसमोर पुन्हा कधीच बसला नाही. वय 31. निरोपाची मैफल वगैरे काही नाही. ही शेवटची, असं जाहीरही केलं नव्हतं.

कलावंताची लहर म्हणून हा निर्णय निकालात काढायची सवय पडली आहे. ऐन उन्हाळ्यात ओव्हरकोट नि हातमोजे, वडिलांनी पाय कापून बुटकी करून दिलेली 14 इंची घडीची खुर्ची, वाजवताना मोठ्यानं गुणगुणणं. एवढा मसाला हाताशी असल्यावर दुसरं कारण कोण शोधणार? पण मंच सोडायची भाषा तो आधीपासूनच करत होता, आणि एकूण जाहीर कार्यक्रमही दोनशेच्या आतलेच.

टोरांटोतलं बालपण, आईकडे गिरवलेले पहिले धडे, मग चिलीहून आलेल्या गुरूंकडची तालीम हा भाग परिचयाचा आहे. त्या तालमीतलं एक मात्र पुढं उपयोगी पडतं: खाली बसून, बोटांच्या जोरावर वाजवणं. त्यामुळं स्वर सुटे आणि लखलखीत येतात, पण दणदणाट होत नाही. मोठ्या सभागृहाला दणदणाट लागतो. मायक्रोफोनला लागत नाही.

जानेवारी 1955 मध्ये न्यूयॉर्कला पहिला कार्यक्रम झाला आणि दुसऱ्याच दिवशी एका बड्या रेकॉर्ड कंपनीनं करार पुढं केला. जूनमध्ये अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख याच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’चं ध्वनिमुद्रण झालं. 1957 मध्ये मॉस्को-लेनिनग्राडचा दौरा. त्या दौऱ्यात बाखची पाचवी पार्टिटा (नृत्यांच्या चालींवरच्या तुकड्यांची माळ) त्यानं पुन्हा पुन्हा वाजवली. शेवटच्या रांगेपर्यंत पोचावं म्हणून इथं थोडा उठाव, तिथं थोडी नजाकत असं करत रचनेवर दौऱ्याचा मळ चढला. परतल्यावर तीच पार्टिटा रेकॉर्ड केली, तेव्हा त्या लकबी सुटेनात. पुढं तो स्वतःच ते ध्वनिमुद्रण फसलेलं मानत असे. मंचाविरुद्धचा त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा मला हाच वाटतो. मंचाची भीती, प्रवासाचा तिटकारा, औषधांची पेटी हे सगळं खरं, पण दुय्यम.

1962 मध्ये न्यूयॉर्कला ब्राम्सच्या पहिल्या कन्चेर्टोआधी (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) वाद्यवृंदाच्या कंडक्टरनंच श्रोत्यांना सांगितलं, की ही लय मला मान्य नाही. त्या भाषणावर वाजवण्यापेक्षा जास्त शाई खर्ची पडली. मंच सोडण्याचं कारण म्हणूनही ते पुढं केलं जातं, पण गूल्डला त्या भाषणाचा राग नव्हता.

खरा वाद पेटला तो ध्वनिमुद्रणाची टेप कापून जोडणाऱ्या कात्रीवरून. 1966 मधल्या एका दीर्घ लेखात त्यानं स्वतःच उघड केलं, की बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर’च्या पहिल्या भागातल्या ए मायनर फ्यूगचे (एकच धून वेगवेगळ्या आवाजांत एकामागोमाग येऊन गुंफली जाते ती रचना) आठ टेक, म्हणजे आठ वेळा मुद्रण, झाले. त्यांतले सहावा आणि आठवा निर्दोष, पण दोन्ही एकसुरी. सहावा गंभीर, स्वर एकमेकांना बांधलेले. आठवा तुटक आणि काहीसा उल्हसित. मग सुरुवात नि शेवट सहाव्यातून, मधला भाग आठव्यातून घेऊन ते जोडले. टीकाकार म्हणाले, ही फसवणूक. त्याचं उत्तर असं, की दुसरी संधी नाकारणं यात कसला आलाय प्रामाणिकपणा? मैफलीत समेवर दाद देणाऱ्या आपल्या कानसेनांनाही हे पटणं जड जाईल. तरी एक मान्य करावं लागतं: चुका झाकण्याचा हा प्रकार नव्हता. दोन्ही टेक बिनचूक होते. ऐकल्यानंतर रचनेचा घाट पुन्हा ठरवणं, हे काम मंचावर करताच येत नाही.

मंच सोडल्यानंतरच्या अठरा वर्षांत हीच कात्री रेडिओवरही गेली. 1967 मध्ये कॅनडाच्या उत्तर भागावर केलेल्या कार्यक्रमात माणसांचे आवाज त्यानं फ्यूगसारखे एकमेकांवर चढवले. ऐकताना पहिल्यांदा डोकं गरगरतं. सत्तरच्या दशकात टोरांटोतल्या एका जुन्या सभागृहात, रिकाम्या खुर्च्यांसमोर, रात्र रात्र ध्वनिमुद्रणं चालत. ‘सीडी 318’ क्रमांकाचा लाडका पियानो 1971 मध्ये वाहतुकीत आपटला आणि त्याच्या पट्ट्यांचा जुना हलकेपणा काही परत आला नाही.

1981 मध्ये तेच ‘गोल्डबर्ग’, न्यूयॉर्कच्या त्याच स्टुडिओत, दुसऱ्या पियानोवर. पहिली आवृत्ती सुमारे 38 मिनिटांची, ही 51 मिनिटांची. मला दुसरी उजवी वाटते, पण पहिलीचे भक्त ऐकणार नाहीत. पन्नाशी गाठून जेमतेम नऊ दिवस झाले असताना, 4 ऑक्टोबर 1982 रोजी, तो गेला.

त्यानंतर बाजारानं आपला हिशेब वेगळा मांडला. मॉस्को आणि साल्झबुर्गमधल्या मैफलींची ध्वनिमुद्रणं प्रसिद्ध झाली. 2017 मध्ये 1955 च्या ‘गोल्डबर्ग’चे अर्धवट सोडलेले आणि बाद ठरवलेले टेक, स्टुडिओतल्या संभाषणासकट, सात सीडींच्या संचात विक्रीला आले, आणि काही वर्षांनी 1981 चेही आले.