गादीखालची पट्टी : घेण्याआधी एवढं वाचा

ही पट्टी अंगाला कुठेच लागत नाही. गादीच्या खाली, छातीच्या रेषेत ती आडवी सरकवायची. तिची वायर भिंतीच्या बाजूने छोट्या डबीपर्यंत जाते आणि डबी घरातल्या वायफायला जोडलेली असते. हृदयाचे ठोके, श्वासाचा वेग आणि माणूस गादीवर आहे की उठला, या तीन गोष्टी ती रात्रभर नोंदवते. मनगटावर काही बांधायचं नाही, बोटाला चिमटा लावायचा नाही आणि कॅमेरा तर नाहीच.

चौकशीला येणारे बहुतेक जण एकट्या राहणाऱ्या आईसाठी किंवा वडिलांसाठी विचारतात. "ठोके कमी-जास्त झाले की माझा फोन वाजेल ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न. वाजेल. पण फोन वाजल्यावर घराचं दार कोण उघडणार, हे आम्ही लगेच विचारतो. मुलगा न्यू जर्सीत असेल तर पुण्यातल्या पहाटे तीनला तिकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. म्हणजे तो जागा असतो, फोनही लगेच उचलतो, पण किल्ली काही त्याच्याकडे नसते. म्हणून गावातल्या दोन माणसांचे नंबर मिळाल्याशिवाय आम्ही पट्टी चालू करत नाही. त्यातला एक जण पायी पोहोचेल इतका जवळ हवा आणि त्याच्याकडे दुसरी किल्ली हवी. यावरून काही ग्राहक चिडतात, पण हा नियम आम्ही सोडलेला नाही.

ठोका गादीखाली कळतो कसा?

तबकडीवर काटा फिरणारा जुना वजनकाटा घरात असेल तर त्यावर अगदी स्तब्ध उभे राहा आणि काट्याकडे बघा. तो नाडीबरोबर किंचित थरथरतो. दर ठोक्याला हृदय साधारण ७० मिलिलीटर रक्त महाधमनीत फेकतं आणि त्या धक्क्याने अख्खं शरीर केसभर हलतं. जे. डब्ल्यू. गॉर्डन यांनी १८७७ मध्येच हे नोंदवून ठेवलं होतं. पुढे १९३० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या डॉ. आयझॅक स्टार यांनी छताला टांगलेल्या टेबलावर माणसाला झोपवून या हालचालीचा आलेख काढला. टांगतं टेबल दवाखान्यात मावणं कठीण, त्यात ईसीजी सोपा, म्हणून ही पद्धत मागे पडली. बारीक सेन्सर आणि स्वस्त कॉम्प्युटर आल्यावर ती परत वर आली.

आमच्या पट्टीत टेबलाचं काम एक पातळ प्लास्टिकची फिल्म करते. ती दाबली किंवा ताणली गेली की तिच्यात जराशी वीज तयार होते. गॅसच्या लायटरमधला स्फटिकही हेच करतो, फक्त तिथे खटक्याने ठिणगी पडते आणि इथे मिळतो तो व्होल्टचा अगदी बारीक अंश. विशिष्ट प्लास्टिकमध्ये हा गुण जोरकस असतो, हे जपानच्या हेइजी कावाई यांनी १९६९ मध्ये दाखवलं. श्वासाने छाती वर-खाली होते त्याची लाट मोठी आणि संथ असते, ठोक्यांची लहान आणि भरभर. सॉफ्टवेअर या दोन्ही वेगळ्या करतं. माणूस कुशीवर वळला की दोन्ही लाटा बुडतात आणि तेवढा वेळ पट्टी आकडा देत नाही. आलेखात मधेच तुटलेली रेघ दिसली तर घाबरू नका.

पट्टी अंगात काहीही सोडत नाही, ती फक्त हालचाल टिपते. त्यामुळे पेसमेकर असलेल्यांनाही चालते. डबीत मात्र वायफाय आहे. ती उशाशी नको, टेबलावर ठेवा.

आकडे कसे वाचायचे?

मोठ्या माणसाचे ठोके स्वस्थ असताना मिनिटाला ६० ते १०० आणि श्वास १२ ते २०, असं पुस्तकात असतं. झोपेत ठोके याहून कमी होतात, आणि बीटा ब्लॉकर जातीची, म्हणजे ठोके मंद करणारी गोळी चालू असेल तर आणखी खाली येतात. म्हणून एका रात्रीच्या ५४ ला काही अर्थ नाही. पहिले दोन आठवडे अलार्म बंद ठेवून आम्ही नुसती नोंद घेतो. त्या माणसाचं नेहमीचं काय, ते त्यातून कळतं.

आमच्या मते या पट्टीचं खरं काम श्वासात आहे. नाडी सगळे बघतात, श्वास कुणी मोजत नाही, आणि आपण मोजायला बसलो की समोरचा माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. समजा, आजींचा झोपेतला श्वास नेहमी १४-१५ असतो. सलग तीन रात्री तो १८, २० आणि २२ झाला. दिवसा त्या म्हणतात, "मला काय धाड भरलीय?" तरीही डॉक्टरांना फोन करा. छातीत कफ धरला असेल, ताप अंगात मुरत असेल, हृदय कमकुवत असलेल्यांना फुप्फुसात पाणी साठत असेल. यातलं नेमकं काय, ते पट्टी सांगू शकत नाही. ते डॉक्टर तपासून सांगतील.

रात्री उठून बाथरूमला गेलेलं माणूस अर्ध्या तासात गादीवर परतलं नाही तर मेसेज येतो. ही वेळ तुम्हाला बदलता येते. बरेच ग्राहक ती वीस मिनिटांवर आणतात आणि आठवडाभरात परत तीसवर नेतात.

ती काय करत नाही?

रक्तदाब, साखर, ताप आणि ऑक्सिजन ती मोजत नाही. हार्ट अटॅक ओळखत नाही. छातीत दुखतंय, दरदरून घाम फुटलाय, जीव घाबरा होतोय, अशा वेळी अ‍ॅप उघडून बसू नका, १०८ ला फोन लावा. ठोके अनियमित असल्याची शंका ती दाखवू शकते, पण निदान ईसीजीनेच होतं. आणि दिवसा आजोबा अंगणात पडले तर पट्टीला त्याचा पत्ताही नसतो.

लाइट जाऊन राउटर बंद पडला की सूचना थांबतात. राउटर इन्व्हर्टरवर घेतलेला बरा.

कुठल्या गादीला चालते?

खाली फळी असलेला पलंग आणि फोम, कॉयर किंवा घट्ट भरलेली कापसाची गादी उत्तम. कापूस गोळा होऊन खड्डे पडले असतील तर आधी गादी पिंजून घ्या. नवारीच्या खाटेवर नीट काम होत नाही, कारण पट्टीला खाली टेकू मिळत नाही. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून घेतलेल्या पंपाच्या एअर बेडवर तर आम्ही पट्टी विकतच नाही, पंपाची हालचाल आकड्यांत मिसळते. दोघे एकाच मोठ्या गादीवर झोपत असतील तर शेजारच्याचे ठोके मधे येतात. दोन सिंगल गाद्या जोडून घातल्या की हा त्रास बराच कमी होतो. मांजर पायथ्याशी झोपलेलं चालतं, छातीपाशी नको. गादी उन्हात टाकाल त्या दिवशी पट्टी काढून सपाट ठेवा. तिला घडी घालू नका.

भिंतीवर लावायचं रडारही बाजारात मिळतं, तेही अंगाला न लागता श्वास मोजतं. आम्ही ते ठेवत नाही. आपल्याकडे पंखा रात्रभर चालू आणि त्याच्या वाऱ्यावर मच्छरदाणी हलती. त्या हालचालीतून श्वास वेगळा काढताना यंत्राचा गोंधळ होतो.

विचारून लावा

"बाबांना सांगू नका, नुसती गादीखाली सरकवून द्या," असं फोनवर सांगणारे आम्हाला नेहमी भेटतात. आम्ही तसं करत नाही. कोण किती वाजता झोपतं, रात्रीत किती वेळा उठतं, ही ज्याची त्याची खासगी गोष्ट आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा भरही संमतीवरच आहे. फॉर्मवर सही झोपणाऱ्याची लागते, पैसे देणाऱ्याची नाही. स्मृतिभ्रंश असेल तर घरच्यांशी आणि डॉक्टरांशी बोलून ठरवू. आकडे कुणाकुणाला दिसावेत ती नावंही त्याच फॉर्मवर लिहायची. सुनेला दिसावेत आणि भाच्याला नको, असंही चालतं.

वस्तू कुणाकडूनही घ्या, खोक्यावर उत्पादकाचं नाव आणि परवाना क्रमांक आहे का ते बघा. १ एप्रिल २०२० पासून भारतात वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली येतात. "हे फक्त वेलनेससाठी आहे" असं बारीक अक्षरात छापलेलं असेल तर त्या आकड्यांवरून गोळीचा डोस बदलायचा विचारही करू नका.

बसवायला यायच्या आधी आम्हाला फोनवर पलंग कसला, गादी कसली, त्यावर किती जण झोपतात आणि किल्ली कुणाकडे असते, ते सांगा. पलंगाजवळ प्लग-पॉइंट नसेल तर तोही आधी काढून घ्या. एक्स्टेंशनची वायर खोलीतून आडवी ओढून आम्ही डबी लावत नाही. रात्री उठलेल्या माणसाच्या पायात नेमकी तीच येते.