स्नायू-कार्याची कंत्राटी चाचणी

औषध कंपनी किंवा विद्यापीठासाठी बाहेरची प्रयोगशाळा मोबदला घेऊन स्नायूचे बळ, थकवा आणि आजार मोजून देते, ती सेवा. ड्युशेन स्नायुक्षय (स्नायू झिजवणारा आनुवंशिक आजार), उतारवयातील स्नायूंची झीज, कर्करोगातील क्षीणता यांवरील औषधे माणसांत जाण्याआधी या चाचणीतून जातात. १९०७ सालच्या अलेम्बिकपासून औषधनिर्मितीत मुरलेल्या बडोद्यात औषधनिर्माणशास्त्र आणि जीवरसायन शिकलेल्यांना हे क्षेत्र अनोळखी नाही.

आखाड्यात बळ आकारावरून जोखतात. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या या गावाला ते वेगळे सांगायला नको. ड्युशेनमध्ये मात्र हाच अंदाज फसतो: पोटरी भरलेली दिसते, पण आत चरबी आणि तंतुमय ऊतक वाढलेले असते. म्हणून बळ स्नायूच्या छेदक्षेत्राने, म्हणजे आडव्या कापाच्या क्षेत्रफळाने, भागून सांगतात; हेच विशिष्ट बळ.

ड्युशेनसाठी बहुतेकदा १९८४ मध्ये वर्णन झालेला 'एमडीएक्स' उंदीर वापरतात. ड्युशेनच्या रुग्णांप्रमाणेच त्याच्या स्नायूंत डिस्ट्रोफिन हे तंतूंना आधार देणारे प्रथिन नसते. प्राण्यांवरील प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी आधीच हवी. पायाचा ईडीएल (बोटे वर उचलणारा) स्नायू दोन्ही कंडरांसह सोडवून रेशमी दोऱ्याने बलमापकाला बांधतात आणि क्षारद्रावणात ठेवतात. द्रावणातून ९५ टक्के ऑक्सिजन व ५ टक्के कार्बन डायऑक्साइड सोडतात. तापमान साधारण २५ अंश सेल्सिअस. ३७ अंशांवर स्नायूची ऑक्सिजनची भूक वाढते आणि गाभा उपाशी राहतो. कार्बन डायऑक्साइड कमी पडला तर द्रावण अल्कधर्मी होते.

आधी विजेचा एकेक झटका देत लांबी वाढवायची. सर्वाधिक बळ मिळेल ती इष्टतम लांबी. मग १०० ते १५० हर्ट्झचे उद्दीपन देऊन टिटॅनस, म्हणजे सलग आकुंचन नोंदवायचे (धनुर्वाताशी गल्लत नको). दोन नोंदींमध्ये काही मिनिटे विश्रांती. १० मिलिग्रॅम वजनाच्या, १२ मिलिमीटर लांबीच्या ईडीएलचे छेदक्षेत्र, घनता १.०६ मिलिग्रॅम प्रति घन मिलिमीटर आणि तंतू-लांबीचे गुणोत्तर (तंतूची लांबी भागिले स्नायूची लांबी) ०.४४ धरून, सुमारे १.८ चौरस मिलिमीटर येते. बळ ४०० मिलिन्यूटन भरले तर विशिष्ट बळ सुमारे २२४ मिलिन्यूटन प्रति चौरस मिलिमीटर.

खरा घोळ इथेच होतो. स्नायू नीट न टिपता तोलला किंवा त्याला चरबी चिकटून राहिली, की वजन फुगते आणि निरोगी स्नायूही दुबळा ठरतो. सोडवताना तंतू तुटले किंवा गाठ निसटली, तरी आकडा येतो. खोटा येतो, एवढेच. एमडीएक्समध्ये फरक सर्वांत ठळक दिसतो तो आकुंचित स्नायू ताणल्यावर: असे काही ताण दिले की ईडीएलचे बळ निरोगी स्नायूपेक्षा कितीतरी जास्त घसरते. मानवी आजाराशी जवळचे साम्य मात्र मध्यपटलात (छाती-पोटामधल्या श्वसनाच्या स्नायूत), म्हणून त्याच्या पट्ट्याही तपासतात.

जिवंत प्राण्याची पकड मोजणे स्वस्त, पण चंचल. उंदीर धरणारा हात बदलला तरी आकडा हलतो. त्यामुळे पूर्ण अभ्यासात तोच हात, दिवसाची तीच वेळ, आणि कोणत्या पिंजऱ्याला औषध मिळाले हे त्या हाताला माहीत नको. करारात सरासरीच्या तक्त्यासोबत प्रत्येक आकुंचनाचा मूळ आलेख आणि वगळलेल्या स्नायूंची कारणांसह यादी लिहून घ्यावी.